फ्लॅश गॉर्डन

अंतराळातील संकटांवरील अमेरिकन चित्रकथामाला. मराठी वाचकांना ती मुख्यतः ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून परिचित झाली. मूळ चित्रकार ॲलेक्स रेमंड (१९०९–५६). १९२९ पासून लोकप्रिय असलेल्या ‘बक रॉजर्स’ या चित्रकथामालेला तोड म्हणून किंग फीचर्स सिंडिकेटने ७ जानेवारी १९३४ पासून ती रविवारच्या वृत्तपत्रांना पुरवायला सुरुवात केली. लेखनात डॉन मूर यांचा मोठा वाटा होता.

कथासूत्र : मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळण्याच्या बेतात आहे. नायक फ्लॅश ज्यातून जात आहे ते विमान उल्केच्या माऱ्याने मोडते. तो आणि सहप्रवासी डेल आर्डन हवाई छत्रीने उतरतात ते शास्त्रज्ञ डॉ. झारकॉव्ह यांच्या प्रयोगशाळेजवळ. डॉक्टर पिस्तूल रोखून दोघांना अग्निबाणात बसवतात आणि तिघे मोंगोवर पोहोचतात. तिथे क्रूर सम्राट मिंग, सिंहमानव, शार्कमानव आणि पंख असलेले ससाणामानव यांच्याशी गाठ पडते. एवढा मोठा ग्रह जवळ आला तर टक्कर होण्याआधीच त्याच्या गुरुत्वाकर्षणाने पृथ्वीवर हाहाकार माजेल, याचा विचार कथेत फारसा नाही.

चित्रशैली : मालेचे खरे मोल इथे आहे. जवळजवळ कोरड्या कुंचल्याचे तुटक फटकारे ओढून रेमंड यांनी श्वापदांची कातडी, गुहांतला काळोख, घामेजलेले स्नायू उभे केले. पुढे त्यांनी पात्रांच्या तोंडचे फुगे काढून टाकले आणि मजकूर चौकटीच्या कडेला नेला. त्यामुळे चित्राला पूर्ण जागा मिळाली, आणि भयाच्या प्रसंगांना या निःशब्दतेचा मोठा फायदा झाला. फुग्यात किंचाळणाऱ्या माणसापेक्षा तोंड उघडे असून शब्द नसलेला माणूस अधिक भेदरलेला दिसतो. १९४४ मध्ये रेमंड सैन्यात गेले. रविवारची माला १९४८ पासून मॅक रेबॉय यांनी काढली. १९५१ पासून दैनिक पट्टी काढणाऱ्या डॅन बॅरी यांनी कथा मोंगोच्या दरबारातून बाहेर काढून अवकाशयाने, अवकाशपोशाख आणि ग्रहमोहिमांकडे वळवली. विज्ञानकथाकार हॅरी हॅरिसन यांनी बॅरींसाठी अनेक वर्षे संहिता लिहिल्या. अंतराळ स्वतःच जीवघेणे आहे, ही जाणीव मालेत खऱ्या अर्थाने या काळात आली, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

मराठीत : टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. आरंभीच्या काळात अनंत पै तिथे होते. १९६७ मध्ये ते ‘अमर चित्र कथा’ या चित्रकथामालेकडे वळले. पहिले ३२ अंक फँटमचे होते. त्यानंतर मँड्रेक, रिप कर्बी (हीही रेमंड यांचीच निर्मिती) आणि फ्लॅश आले. अंक इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, बंगाली इत्यादी भाषांत निघत. फ्लॅशच्या वाट्याला फँटम-मँड्रेकपेक्षा कमी अंक आले, आणि ते बहुतांशी बॅरींच्या काळातले. बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठे हे या प्रकाशनाचे मोठे वैशिष्ट्य.

वृत्तपत्रातली दैनिक पट्टी आडवी, तीन-चार चौकटींची. इंद्रजालच्या पुस्तिकेचे पान उभे. पट्टीतली पहिली चौकट बहुधा कालचा प्रसंग पुन्हा सांगण्यात खर्च होते. त्यामुळे पुस्तिकेसाठी चौकटी गाळाव्या, कापाव्या, नव्याने जुळवाव्या लागत. इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी काढलेल्या फुग्यात वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असलेली देवनागरी ओळ दाटीने बसते. वाक्य तोडून आटोपशीर करण्यावाचून अनुवादकाला गत्यंतर नसते. या कारागिरीची मराठीत घ्यावी तशी दखल घेतली गेलेली नाही.

पनवेलसारख्या मुंबईलगतच्या गावांतल्या त्या काळच्या पिढीला परग्रहाचे चित्र पाहायला अशा पुस्तिकांखेरीज साधने थोडी होती. मराठी विज्ञानकथा मात्र गद्यातून वाढली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आली. तिच्यावर चित्रकथांचा प्रभाव दाखवता येत नाही.

आक्षेप : मिंगच्या चित्रणात आशियाई लोकांविषयीचा तत्कालीन पाश्चात्त्य पूर्वग्रह दिसतो, अशी टीका झाली आहे.

चित्रपट : बस्टर क्रॅब यांची भूमिका असलेल्या तीन चित्रपटमालिका (१९३६, १९३८, १९४०) आणि एक चित्रपट (१९८०). या कथेचे हक्क न मिळाल्याने जॉर्ज लुकास ‘स्टार वॉर्स’कडे (१९७७) वळले.

इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडले. त्याचे मराठी अंक आज प्रामुख्याने खासगी संग्राहकांकडे आहेत. सार्वजनिक वाचनालयांनी ते मिळवून जपणे आवश्यक आहे.