लॅटिनची शाळा, हिशेबाची शाळा

फिलाडेल्फियाच्या परिसरात मुलगा आठवीत गेला की काही कॅथलिक घरांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो: 'प्रेप' की 'ला साल'? सेंट जोसेफ्स प्रेप ही जेझुइट पाद्र्यांची शाळा, तर ला साल कॉलेज हायस्कूल ही ख्रिश्चन ब्रदर्सची. दोन्ही खाजगी, दोन्ही फक्त मुलांच्या आणि दोन्ही दीडशेहून अधिक वर्षं जुन्या. आर्चडायोसिस, म्हणजे स्थानिक धर्मप्रांत चालवतो त्या शाळांपेक्षा या दोघी वेगळ्या. त्यांची मालकी, परंपरा आणि शिकवण्याची रीत त्या त्या संघाची आहे. मुंबईत झेवियर्स किंवा माटुंग्याच्या डॉन बॉस्कोत शिकलेल्या मराठी आईबापांना हा फरक समजावून सांगायला नको. 'फादरांची शाळा' असं आपण सरसकट म्हणतो खरं, पण कुठल्या फादरांची यावर बरंच काही ठरतं, हे तिथे शिकलेल्यांना ठाऊक असतं.

घरातला वाद साधारणपणे फुटबॉलचा संघ, कॉलेजप्रवेशाची यादी आणि सकाळच्या प्रवासाला लागणारा वेळ यांवर चालतो. त्यात गैर काही नाही. पण या दोन शाळा वेगळ्या का झाल्या, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

जेझुइटांनी १५४८मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावात शाळा काढली आणि पुढच्या दोनशे वर्षांत कॅथलिक युरोपभर शाळांचं जाळं विणलं. १५९९मध्ये त्यांनी 'रात्सिओ स्तुदिओरुम' नावाची अभ्यासाची नियमावली पक्की केली. तिचा कणा होता लॅटिन. व्याकरण, मग काव्य, मग वक्तृत्व, अशा पायऱ्या मुलाने चढायच्या आणि शेवटी चारचौघांत उभं राहून मुद्देसूद बोलता-लिहिता यायला हवं. श्रीमंतांच्या देणग्यांवर या शाळा चालत, विद्यार्थ्याकडून फी घ्यायची नाही असा संघाचा नियम होता. पण ज्याला लॅटिन शिकायला वर्षानुवर्षं सवड आहे, असाच मुलगा तिथे टिकणार हे उघड होतं.

शंभरेक वर्षांनी फ्रान्समधल्या रॅंस शहरात जाँ-बातिस्त द ला साल (१६५१-१७१९) या पाद्र्याने नेमका उरलेला मुलगा धरला. कारागिरांची आणि गरिबांची पोरं त्याच्यासमोर होती. त्या काळी वाचन शिकवायला सुरुवात लॅटिनपासून होई. ला सालने ती फ्रेंचपासून केली. एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी अख्ख्या वर्गाला एकदम शिकवण्याची पद्धत त्याच्या शाळांनी रुळवली. लेखन, हिशेब, वागण्याची रीत यांवर भर दिला. त्याच्या संघातल्या शिक्षकांनी पाद्री व्हायचं नाही, 'ब्रदर' म्हणूनच राहायचं, आणि लॅटिन शिकवायचं नाही, असे नियम केले. लॅटिन आलं की शिक्षकाला पाद्रीपद खुणावणार आणि शाळा हळूहळू मोठ्या घरच्या मुलांची होणार, ही भीती त्यामागे होती. संस्कृत पाठशाळा आणि गावातल्या पंतोजींची शाळा यांतलं अंतर आठवलं तर आपल्याला हा भेद चटकन कळेल.

आता फिलाडेल्फियात येऊ. १८४०च्या दशकात या शहरात आयरिश कॅथलिकांचे लोंढे येत होते. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचलं जाई. आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या, अशी विनंती बिशप केनरिक यांनी १८४२मध्ये केली. त्यावरून अफवा उठल्या आणि १८४४मध्ये दंगली पेटल्या. ८ मे रोजी केन्सिंग्टन भागातलं सेंट मायकल चर्च जाळण्यात आलं. अमेरिकेत कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा एवढ्या जिद्दीने का उभारल्या, याचं एक उत्तर त्या राखेत आहे.

१८५१मध्ये जेझुइटांनी जुन्या शहरातल्या विलिंग्ज ॲलीत सेंट जोसेफ्स कॉलेज सुरू केलं. त्यातूनच पुढे प्रेप वेगळी झाली. ख्रिश्चन ब्रदर्सनी १८५८मध्ये आपली अकादमी काढली ती त्याच सेंट मायकलच्या पॅरिशमध्ये, जिथलं चर्च चौदा वर्षांपूर्वी जळालं होतं. पुढे ब्रदर्सचं ला साल कॉलेज फिल्बर्ट स्ट्रीटवर गेलं. ती जागा पूर्वी जेझुइटांच्या कॉलेजची होती. म्हणजे आज एकमेकींच्या स्पर्धक मानल्या जाणाऱ्या या शाळांचा पत्ता मागेपुढे एकच होता.

अमेरिकेत आल्यावर दोघांचेही मूळ नियम टिकेनात. देणग्या देणारे सरदार-उमराव इथे नव्हते, त्यामुळे जेझुइटांना १८३३मध्येच फी घेण्याची सवलत रोमकडून मिळाली होती. ब्रदर्सची अडचण निराळी होती. आयरिश हमालाला किंवा गवंड्याला आपला मुलगा हिशेबनीस होऊन थांबायला नको होता, त्याला मुलाला वकील, डॉक्टर किंवा पाद्री करायचं होतं. त्या सगळ्या वाटा लॅटिनमधून जात. बिशपांनाही सेमिनरीसाठी मुलं हवी होती. म्हणून अमेरिकेतले ब्रदर्स लॅटिन शिकवू लागले. फ्रान्समधल्या वरिष्ठांना ते खटकत राहिलं. गरिबांसाठी निघालेला संघ मध्यमवर्गाच्या मागे चालला, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकन बिशपांनी रदबदली करूनही १९००मध्ये रोमचा निर्णय बंदीच्या बाजूने लागला. पुढची वीसेक वर्षं ब्रदर्सच्या अमेरिकन कॉलेजांना अभिजात भाषांशिवाय काढावी लागली आणि लॅटिन हवं असलेली मुलं साहजिकच जेझुइटांकडे वळली. १९२३मध्ये पोप अकरावे पायस यांनी ही बंदी उठवली.

या वादात चूक कोण होतं? फ्रेंच वरिष्ठांना मूळ हेतू सांभाळायचा होता. पण गरिबाच्या मुलाने गरिबाला साजेसंच शिकावं, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होत होता. मातृभाषेतलं शिक्षण आणि वर जाण्याची भाषा यांतली ही ओढाताण महाराष्ट्रात इंग्रजीच्या निमित्ताने घरोघरी चालते. पोटच्या मुलाचा प्रश्न येतो तेव्हा तत्त्व मागे पडतं, हे त्या आयरिश बापांनीही दाखवून दिलं.

निवडीचा हक्क तरी कुठे गृहीत धरण्यासारखा होता? १९२२मध्ये ऑरेगन राज्याने मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा केला. शाळा चालवणाऱ्या सिस्टर्सनी तो न्यायालयात नेला आणि १९२५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. मुलाची शाळा ठरवण्याचा आईबापांचा अधिकार तिथे मान्य झाला. आजचा 'प्रेप की ला साल' हा वाद त्या निकालाच्या जमिनीवर उभा आहे.

मग आला विसाव्या शतकाचा मध्य. उत्तर फिलाडेल्फियातली गोरी कॅथलिक कुटुंबं उपनगरांत निघून गेली, दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीयांची वस्ती वाढली, कारखाने बंद पडत गेले. १९६०मध्ये ला साल हायस्कूल शहराची हद्द ओलांडून विंडमूरला गेलं. तिथे मोकळी जागा होती, मैदानं होती आणि विद्यार्थ्यांची घरंही त्याच बाजूला सरकत होती. प्रेप मात्र जिरार्ड अव्हेन्यूजवळ, सतराव्या रस्त्यावरच राहिली. ऑगस्ट १९६४मध्ये तिथून जवळच कोलंबिया अव्हेन्यूवर दंगल झाली. १९६६मध्ये शाळेच्या इमारतीचा मोठा भाग आगीत गेला. उपनगरात जायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं, पण जेझुइटांनी शहरातच पुन्हा बांधायचं ठरवलं.

इथे इतिहासाने गंमतशीर उलटापालट केली आहे. उच्चभ्रू लॅटिनवाल्यांची शाळा गरीब वस्तीत राहिली आणि कारागिरांच्या मुलांसाठी निघालेल्या संघाची शाळा हिरव्यागार उपनगरात गेली. अर्थात वस्तीत राहणं म्हणजे वस्तीचं होणं नव्हे. प्रेपची बरीचशी मुलं बाहेरून येतात आणि संध्याकाळी परत जातात. आणि ज्या दोन संघांनी फुकट शिकवण्यापासून सुरुवात केली, त्यांच्या या शाळांची फी आज मध्यमवर्गीय घरालाही विचारात पाडते. दोन्हीकडे आर्थिक मदतीची सोय आहे, पण तिच्यासाठी अर्ज करावा लागतो.

म्हणून आठवीतल्या मुलाच्या आईबापांनी शाळा पाहायला जाताना कॉलेजांची यादी जरूर बघावी, पण आणखी दोन-तीन प्रश्न विचारावेत. मदतीवर शिकणारी मुलं वर्गात किती आहेत? शाळेच्या भिंतीपलीकडच्या माणसांशी शाळेचा काय संबंध आहे? अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाकडे कोण लक्ष देतं? पहिले दोन प्रश्न जेझुइटांच्या दाव्याची परीक्षा घेतात. १९७३मध्ये त्यांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हेच आपल्या शाळांचं काम असल्याचं सांगितलं होतं. तिसरा प्रश्न ला सालचा आहे, कारण मागच्या बाकावरचा मुलगा हाच त्याच्या शाळांचा मूळ विद्यार्थी.

आणि उत्तरं ऐकायला मुलाला बरोबर न्यावं. एका दिवशी भुयारी रेल्वेने जिरार्ड स्थानकावर उतरून सतराव्या रस्त्यापर्यंत चालत जावं, दुसऱ्या दिवशी विंडमूरच्या मैदानाला चक्कर मारावी. पुढची चार वर्षं रोज ती वाट त्यालाच तुडवायची आहे.