चिलिकेकाठची पावसाळी वाट

आषाढ तोंडावर आला की रायपुरातील मराठी कचेरीकरांच्या घरांत पुरीची भाषा सुरू होते. रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेची, म्हणजे ऐन पावसाची. रजेचा अर्ज, मुलांच्या शाळा आणि आभाळाचा रंग यांचा मेळ घालता घालता कित्येकांचे बेत मोडतात. जे निघतात त्यांतील थोडे हौशी पुरीवरून पुढे सातपाड्यापर्यंत जातात, मोटार नावेवर चढवून चिलिकेचे पाणी ओलांडतात आणि जान्हिकुड्यास उतरतात. एका हाताला सरोवर, दुसऱ्या हाताला सागर, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. झड लागली म्हणजे सरोवर कोठे संपले आणि समुद्र कोठे सुरू झाला हे कळेनासे होते. दृश्य रमणीय खरे. पण नागपूरकर भोसल्यांच्या हातून पूर्वसमुद्राचा काठ गेला तो याच वाटेने, आणि तोही पावसाळ्यात, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. आम्हां मराठी मंडळींच्या इतिहासवाचनात १८०३ साल म्हणजे असई आणि अडगाव. ओडिशाच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य येते.

भोसले या किनाऱ्यावर पोचले ते छत्तीसगडातून. १७४१ च्या सुमारास रघुजी भोसल्यांचा दिवाण भास्करराम कोल्हटकर याने रतनपूरच्या हैहयवंशी राजाला नमविले आणि पुढल्या वर्षी तो बंगाल्यात शिरला. १७४२ चा पावसाळा जवळ येताच त्याचा विचार नागपुरास परतण्याचा होता, आणि तो मराठी रिवाजाला धरूनच होता: मृग लागला की घोडी छावणीला, दसरा झाला की सीमोल्लंघन. मीर हबीबाने त्याला थांबविले. भागीरथीला पूर आहे तोवर नबाब अलीवर्दीखान पलीकडेच अडकून राहील, हा त्याचा हिशेब बरोबर ठरला. परंतु पूर कायमचा नसतो. सप्टेंबरच्या अखेरीस नबाबाने नावांचे पूल बांधून रात्रीच नदी ओलांडली आणि काटव्याच्या छावणीवर पहाटे छापा घातला. भास्कररामाची सेना रानावनातून मेदिनीपूर, कटक असे करीत डिसेंबरात चिलिकेच्या दक्षिणेस निघून गेली. पावसाच्या भरवशावर राहण्यात किती नफा आणि किती तोटा, याचा पहिला धडा मराठ्यांना असा मिळाला. तो त्यांच्या कितपत लक्षात राहिला याविषयी आम्हांला शंका आहे.

१७५१ च्या तहाने बंगालची चौथाई बारा लाख ठरली, सुवर्णरेखा नदी ही सीमा मुक्रर झाली आणि ओडिशा भोसल्यांच्या अमलाखाली आला. त्या अमलाची कटुमधुर आठवण दोन ठिकाणी आहे. बंगालच्या अंगाईगीतांत ‘बर्गी’ म्हणून आपले नाव मुलांना भिवविण्यासाठी येते. आणि पुरीच्या सिंहद्वारापुढे जो अरुणस्तंभ उभा आहे तो कोणार्काहून आणून तेथे उभा केला गेला तो मराठ्यांच्याच काळात. आम्ही परगावी राहणाऱ्यांनी दोन्ही आठवणी जवळ ठेवाव्यात. एकच सांगून दुसरी झाकणे बरे नव्हे.

इंग्रजांना या किनाऱ्याचा लोभ होता तो देवळासाठी नव्हे. १७६० च्या दशकात मेदिनीपूर आणि उत्तर सरकार दोन्ही त्यांच्या हाती आले. कलकत्ता आणि मद्रास यांच्यामध्ये आडवा राहिला तो फक्त भोसल्यांचा मुलूख. डाक न्यायची तरी परवानगी, पलटण न्यायची तरी परवानगी. नाना फडणिसांच्या चौकडीच्या कारस्थानात बंगालवर चालून जाण्याचे काम मुधोजी भोसल्यांकडे आले तेव्हा या आडव्या मुलुखाचे खरे मोल दिसून आले. १७७९ च्या शरदात मुधोजींचा पुत्र चिमणाजी तीस हजार फौजेनिशी निघाला आणि कटकास पोचला तो १७८० च्या मे महिन्यात! इतका संथ प्रवास कोणत्याही हवामानाने होत नाही. आतून वॉरन हेस्टिंग्जशी सूत जुळलेले होते, आणि आता पुढे पावसाळा आहे ही सबब पुण्याला सांगण्याजोगी होती. पुढल्याच वर्षी कर्नल पियर्सची पलटण याच किनाऱ्याने निर्वेध मद्रासेकडे गेली. गंजामला तिला पटकीने गाठले, मराठ्यांनी नव्हे. वाट विकली गेली होती. एकदा विकलेली वाट दुसऱ्या वेळी फुकट मागितली जाते, हे मुत्सद्द्यांना तेव्हा सुचले नाही.

१८०३ च्या सप्टेंबरात ती फुकटच घेतली गेली. मद्रासकडील फौज कर्नल हारकोर्टच्या हाताखाली गंजामहून निघाली आणि चिलिका व समुद्र यांमधल्या वाळूच्या पट्टीने चालू लागली. ही पट्टी अडविणे अवघड नव्हते. पावसाळ्यात चिलिका अकराशे चौरस किलोमीटरांपर्यंत फुगते, आणि समुद्राकडील तिचे तोंड वाळूने सरकत असते. (ते इतके सरकले व बुजले की २००० साली नवे तोंड खोदावे लागले.) चार नावा हलविल्या असत्या तरी सैन्य खोळंबले असते. पण मालुदच्या फतेह महंमदाने इंग्रजांना साह्य केले, आणि त्याबद्दल पुढे त्याला जहागीर मिळाली. १४ सप्टेंबरला फौज माणिकपाटण्यास आली. ओडिया लोककथेत कांचीच्या स्वारीवर निघालेल्या जगन्नाथ-बलभद्रांनी गवळणीकडून दही घेऊन अंगठी गहाण ठेवली ते हेच गाव. १८ सप्टेंबरला पुरी पडली. देवळाला व पंड्यांना तोशीस लागू नये अशी गव्हर्नर जनरल वेलस्लीची सक्त ताकीद होती. भक्तीपेक्षा तीत राजकारण अधिक होते.

त्यानंतर मात्र पावसाने इंग्रजांचीही परीक्षा घेतली. पुरी ते कटक अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर. पण सगळी वाट जलमय, भातखाचरे तुडुंब आणि अधूनमधून मराठी घोडेस्वारांचे छापे. बाराबतीचा किल्ला तोफांनी वेस फोडून घेतला गेला तो १४ ऑक्टोबरला. म्हणजे चार आठवडे लागले. या चार आठवड्यांत नागपूरहून कुमक का आली नाही? एक कारण सर्वश्रुत आहे: रघुजी दुसरे वऱ्हाडच्या बाजूला गुंतले होते आणि पुरी पडल्यानंतर पाचव्याच दिवशी असईची लढाई झाली. दुसरे कारण आम्हां रायपूरकरांच्या दारातले आहे. महानदी सिहाव्याच्या डोंगरात उगम पावते, राजिमावरून वाहत पुढे संबळपुरास जाते आणि तिच्या पाणलोटाचा निम्म्याहून अधिक भाग छत्तीसगडात मोडतो. हिराकुड धरण १९५७ साली झाले. त्यापूर्वी येथे पडलेला पाऊस अडथळ्यावाचून कटकाभोवती जाऊन पसरत असे. नागपूर-रायपूर-संबळपूर-कटक ही कुमकेची वाट श्रावण-भाद्रपदात नदीनाल्यांनी ठिकठिकाणी तुटलेली. याउलट इंग्रजांच्या पाठीशी समुद्र होता. पुरी घेतल्यावर तीनच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, बालेश्वर त्यांनी जहाजांतून उतरूनच घेतले. एकाच पावसाने एकाला कोंडले आणि दुसऱ्याला नुसते भिजविले. भोसल्यांनी पन्नास वर्षे समुद्रकाठ सांभाळला, पण त्या समुद्रावर काही आरमार उभे केले नाही. कोकणात आंग्र्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे असता हे घडावे, याचे आम्हांला नवल वाटते.

१७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत इंग्रजांकडे गेला. त्याचा परिणाम छत्तीसगडात जाणवला तो मिठात. येथील धान्य बैलांवर लादून बंजारे खाली नेत आणि येताना ओडिशाच्या किनाऱ्यावरचे मीठ आणीत. आता त्या आगरांवर कंपनीची मक्तेदारी बसली. किनाऱ्यावरच मीठ इतके महागले की १८१७ साली खुर्द्याच्या पाईकांनी शस्त्र उचलले त्याच्या कारणांत मिठाचा भावही मोजला जातो. त्याच वर्षाअखेर सीताबर्डीची लढाई झाली, आणि १८१८ मध्ये अ‍ॅग्न्यू साहेबाने छत्तीसगडचे ठाणे रतनपुराहून उचलून रायपुरात आणले.