सन्नतीची शिळा आणि शकुन

कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या तीरी सन्नती हे चंद्रलांबेचे क्षेत्र आहे. मराठी आणि कानडी बोलणाऱ्या अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी. १९८६ साली या देवळाच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालची पीठशिळा उघडी पडली. तिच्यावर अशोकाचे लेख होते : बारावा, चौदावा आणि दोन स्वतंत्र आज्ञा. मूर्ती बसविण्यासाठी मध्यभागी पाडलेल्या खाचेत काही अक्षरे नष्ट झाली होती. पुढे जवळच्या कनगनहळ्ळीस १९९४ पासून झालेल्या उत्खननात एक भव्य स्तूप आणि नावासह कोरलेले अशोकाचे शिल्पही मिळाले.

अशा शोधानंतर कोणाचे स्थान कोणी बळकाविले, हा वाद घालण्याचा मोह होतो. पण शिळा आपल्या पुनर्वापराची साक्ष देते. वापरणाऱ्याच्या हेतूची साक्ष तिच्याकडून काढता येत नाही, असे आम्हां वकिलीचा व्यवसाय करणाऱ्यांस वाटते.

या वादात आणखी एक गोष्ट गृहीत धरली जाते. बौद्धांचा मार्ग निव्वळ विवेकाचा, आणि शकुन, मुहूर्त, कौल हे सारे देवळांचे. ग्रंथापुरते हे बरेचसे खरे आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात स्वप्ने, अंगलक्षणे, इतकेच काय, उंदरांनी कुरतडलेले वस्त्र पाहून भविष्य सांगण्याची उपजीविका हीन ठरविली आहे. नक्षत्राच्या नादाने ठरलेली वधू हातची गमावणाऱ्यांची कथा जातकांत आहे. परंतु मायादेवीच्या स्वप्नाचा अर्थ ब्राह्मणांनी सांगितला आणि असिताने बालकाची लक्षणे पाहिली, हेही बौद्ध परंपराच सांगते.

लोकाचार तर ग्रंथाला फारसा विचारीतच नाही. टोकियोच्या सेन्सोजी या बौद्ध मंदिरात भाविक डबा हलवून काडी काढतात, तिच्या क्रमांकाची चिठ्ठी वाचतात आणि भाकीत अशुभ निघाले तर चिठ्ठी तेथेच बांधून परततात. गोमंतकात देवाच्या अंगी पाकळ्या लावून उजवा-डावा प्रसाद घेणाऱ्या आपल्या मंडळींस यात परके असे काय वाटणार? आजार, विवाह, प्रवास यांपुढे माणूस सर्वत्र सारखाच भितो.

अशोकाने हे ओळखले होते. त्याच्या नवव्या लेखाचा एक तुकडा १९५६ साली सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे सापडला. आजारपणी, लग्नात, अपत्यजन्मी, प्रवासाला निघताना लोक नाना मंगले करतात, असे तो लेख सांगतो. ती करावीत, पण त्यांचे फळ अल्प. दास-सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान, हे धर्ममंगल महाफलदायी. कौल घेणाऱ्याने ही कसोटी स्वतःला लावावी. देवाचा प्रसाद उजवा मिळाला म्हणून अन्यायाचा व्यवहार न्यायाचा होत नाही.

सन्नतीच्या शिळेवर नववा लेख नाही, बारावा आहे. आपल्या पंथाची अकारण स्तुती आणि दुसऱ्याची निंदा टाळावी, वाणीवर संयम ठेवावा, असे तो सांगतो. तो लेख देवीच्या पायाशी सुरक्षित राहिला. त्याच्यावरून भांडावयाचे असेल, तर निदान तो आधी वाचावा.