उजनीच्या पाण्यावरचा संसार: इंदापूरच्या होडीचा अर्धशतकाचा इतिहास

१/
होडीवर संसार करणारी माणसे म्हटली की श्रीनगरच्या डुंग्यात राहणारे हांजी किंवा सुलू समुद्रातले बजाव आठवतात. दुष्काळाशी नाव जोडलेला इंदापूर तालुका कोणाच्या मनात येत नाही. तरीही पती-पत्नी मिळून होडीवर पोट भरतात, अशी कुटुंबे आज इथल्या पाण्यावर आहेत. ही परंपरा प्राचीन नाही. तिचे वय एका धरणाएवढे आहे.

२/
आधी जुना भूगोल. बारामतीची कऱ्हा सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा इंदापूरच्या दक्षिण सीमेने वाहत नरसिंहपूरला भीमेच्या भेटीला जाते. तालुक्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला भीमा. तीन नद्यांचा हा प्रदेश, पण इथे नावाड्यांची वस्ती पाण्यावर कधी वसली नाही. कारण सरळ आहे. या नद्या पावसाळ्यात दुथडी भरत आणि उन्हाळ्यात खडक उघडे पडत. वर्षभर तरंगेल असे घर बांधायला पाणीच नव्हते.

३/
म्हणून देशावरची नाव म्हणजे चार महिन्यांची सोय. उन्हाळ्यात लोक उतारावरून पायी नदी ओलांडत. पूर आला की तरीवर नाव लागे. नाव नसेल तिथे भोपळ्यांची सांगड. भोई आणि कोळी यांच्याकडे हे काम परंपरेने होते. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याने १८६८ मध्ये तरींसाठी कायदा केला. नदी ओलांडणे हा सरकारी नोंदीचा आणि मक्त्याचा विषय झाला.

४/
त्याआधीच आगगाडी आली होती. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये भीमेकाठच्या डिकसळपर्यंत पोहोचला आणि पुढे नदी ओलांडून सोलापूरकडे गेला. इंदापूर आणि करमाळा हे दोन काठ एकमेकांच्या जवळ आले. बाजार, जत्रा, सोयरीक सगळे नदीच्या आरपार चालू राहिले. नदी ही सीमा होती, पण अडसर नव्हती.

५/
मग उजनी आले. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे सरकत भिगवणच्याही वर गेले. काळीभोर गाळाची शेते, मळे, विहिरी, देवळे बुडाली. पळसदेव गाव महामार्गालगत नव्याने वसले. पळसनाथाचे हेमाडपंती मंदिर मात्र पाण्यातच राहिले. लोहमार्गही हलवावा लागला, आणि रेल्वेचा जुना पूल पुढे रस्त्याच्या वाहतुकीसाठी वापरात आला.

६/
राज्याचा प्रकल्पग्रस्त पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. तोवर धरणाचे काम कितीतरी पुढे गेले होते. ज्यांना लाभक्षेत्रात जमीन मिळाली ते पुन्हा शेतकरी झाले. ज्यांच्याकडे आधीपासून जमीनच नव्हती, त्यांच्यापुढे फक्त पाणी उरले.

७/
या पाण्याचे एक वैशिष्ट्य आहे. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे वर्तमानपत्रात ‘उपयुक्त साठा शून्य’ असे छापून येते, तेव्हाही धरणात निम्म्याहून अधिक पाणी असते. कालव्याच्या हिशेबात हे पाणी मृत. मासेमाराच्या हिशेबात मात्र तेच जिवंत. बारमाही होडी इथे शक्य झाली ती या मृतसाठ्यामुळे.

८/
होडी लहान, काम दोघांचे. सायंकाळी जाळे लावायचे, पहाटे ओढायचे. एकाने वल्हे सांभाळायचे, दुसऱ्याने जाळे. कोकणात नवरा समुद्रावर जातो आणि बायको बाजार सांभाळते. उजनीत अनेकदा दोघेही एकाच होडीत असतात. निवारा काठावरच्या झोपडीत असला, तरी दिवसाचे वेळापत्रक पाणी ठरवते. पाणी ओसरले की झोपडी पुढे, चढले की मागे. घर तरंगत नाही. पण स्थिरही नाही.

९/
रोहू, कटला, वांब, मरळ, आणि अलीकडे सर्वत्र पसरलेली चिलापी भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारात लिलावाला येते. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरले की कुंभारगावच्या काठावर त्याच समाजाची माणसे पर्यटकांना होडीतून फिरवतात. दुसऱ्या बाजूला बारीक आसाची ‘वडाप’ जाळी माशांची पिल्लेच उपसून नेतात. त्यावरून काठावर वाद होतात, कारण आज गेलेले पिल्लू म्हणजे उद्याची रिकामी होडी.

१०/
धरणाने होडीला आणखी एक काम दिले. पूर्वीचा उतार बुडाला आणि समोरच्या गावाला जायला रस्त्याने मोठा वळसा पडू लागला. त्यामुळे कळाशी ते कुगाव अशी होडीची ये-जा नित्याची झाली. शाळा, दवाखाना, माहेर, लग्नकार्य, सगळ्यासाठी होडी. मोटारसायकलीही तिच्यातच चढत.

११/
२१ मे २०२४. धरण उणे साठ्यात गेले होते, पळसनाथाचे मंदिर उघडे पडले होते आणि ते पाहायला लोक येत होते. त्या सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून वाचला. सहा गेले. त्यांत एकाच घरातले पती-पत्नी आणि त्यांची दोन लहान मुले होती. ‘मृतसाठा’ म्हटलेले पाणी तेव्हाही माणसे बुडवण्याइतके खोल होते.

१२/
शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी जुनी आहे. पूल झाल्यावर प्रवासी होडी हळूहळू थांबेल, आणि ते योग्यच. मासेमारी होडी मात्र राहील.
उजनीचा इतिहास सांगताना टीएमसी, हेक्टर आणि उसाचे टनेज यांची मोजणी होते. ज्या पाण्याने काहींची शेते फुलवली, त्याच पाण्याने काहींना वल्हे हाती घ्यायला लावले. पहाटे जाळे ओढणाऱ्या त्या दोघांची नोंद झाल्याशिवाय या धरणाचा इतिहास पूर्ण होत नाही.