गोळ्याचा धनी : सचिन खिलारी

वऱ्हाडांतील जुन्या आखाड्यांतून शक्तीची परीक्षा फितीनें होत नसे. दगडी नाल ज्यानें उचलला तो पहिलवान. किती वजन आणि किती उंच, हें लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटत नसे. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं लावलेल्या रोपाचा पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वृक्ष झाला. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं या मंडळाचें पथक तेथें गेलें, आणि त्यानें परक्या प्रेक्षकांपुढें देशी व्यायामाचीं व हुतुतूचीं, म्हणजे आजच्या कबड्डीचीं, प्रात्यक्षिकें केलीं. त्याच नगरींत, त्याच उन्हाळ्यांत, जर्मनीचा हान्स व्होल्के लोखंडी गोळा १६.२० मीटर फेकून विजयी झाला. एकीकडे पाहून वाखाणण्याचें बळ, दुसरीकडे फीत धरून मोजण्याचें बळ. या दुसऱ्या बळांत जगज्जेता ठरलेला एक मराठी पुरुष पुढें निपजला तो मात्र वऱ्हाडाच्या काळ्या जमिनींत नव्हे, तर माणदेशाच्या कोरडवाहू माळावर.

सचिन सर्जेराव खिलारी यांचा जन्म १९८९ सालचा. गांव करगणी, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली. हा मुलूख पावसास पारखा, पण खिलार बैलांसाठीं प्रसिद्ध. शाळकरी वयांत अपघात होऊन त्यांचा डावा हात मोडला, त्यांत गँग्रीन झालें, आणि शस्त्रक्रिया होऊनहि हाताचें चलनवलन पूर्ववत् झालें नाहीं. त्यांनीं यंत्रशास्त्रांतील अभियंत्याची पदवी घेतली, स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांस शिकविलें. मैदानावर प्रथम हातीं धरला तो भाला. परंतु खांद्यास दुखापत झाली, भाला सुटला आणि गोळा आला. ज्यास एक हात आधींच गमवावा लागला, त्याच्या खांद्यानेंहि दगा द्यावा, हा योग कठीणच म्हणावयाचा.

गोळा एका हाताचा खेळ आहे असें पाहणारास वाटतें. तें खरें नव्हे. मराठींत त्यास गोळाफेक म्हणतात, परंतु नियमाप्रमाणें गोळा मानेशीं टेकवून, खांद्याच्या मागें न नेतां, पुढें ढकलावयाचा असतो. आणि तेंहि २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल न टाकतां. बळ निघतें पायांतून. तें कमरेंतून, छातींतून वर चढत शेवटीं बोटांशीं पोंचतें. उजव्या हातानें फेकणाराचा डावा हात रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो. आधीं तो उघडून छाती ओढून आणतो, आणि ऐन क्षणीं अंगाशीं आवळला जाऊन डावी बाजू जागच्या जागीं थांबवितो. पाटाच्या पाण्यास अकस्मात् बांध पडला म्हणजे तें जसें उसळतें, तशी मग उजवी बाजू उसळते. ज्याचा डावा हात हुकुमांत नाहीं, त्यास हा बांध कमरेनें आणि पायांनींच घालावा लागतो. खिलारी यांच्या फेकीचें मोल जाणण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

प्रशिक्षक सत्यनारायण यांच्या हाताखालीं त्यांनीं ही विद्या साधली, आणि मग यश भराभर आलें. जुलै २०२३ मध्यें पॅरिस येथील अपंगांच्या जागतिक मैदानी स्पर्धेंत एफ ४६ या वर्गांत, म्हणजे एका हातास व्यंग असलेल्यांच्या वर्गांत, १६.२१ मीटर फेक करून त्यांनीं सुवर्णपदक घेतलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेंत १६.०३ मीटर आणि पुन्हां सुवर्ण. मे २०२४ मध्यें जपानांतील कोबे येथें १६.३० मीटर, जगज्जेतेपद कायम. (या वर्गाचा गोळा ६ किलोचा असतो व व्होल्केचा ७.२६ किलोचा होता. तेव्हां बर्लिनचा आंकडा यांच्या शेजारीं मांडून कोणीं तुलना करूं नये.)

४ सप्टेंबर २०२४ रोजीं पॅरिसच्या पॅरालिंपिकांत मात्र सामना निराळा होता. समोर कॅनडाचा ग्रेग स्ट्युअर्ट. उंची सात फुटांहून अधिक आणि टोकियोचा सुवर्णविजेता. खिलारी यांनीं दुसऱ्याच फेकींत १६.३२ मीटर गांठले. आशियाचा तो नवा विक्रम होता. स्ट्युअर्टची फेक १६.३८ भरली, क्रोएशियाच्या लुका बाकोविचची १६.२७. तिघांत मिळून अंतर अवघें अकरा सेंटिमीटर, आणि सुवर्ण व रौप्य यांमध्यें सहा, म्हणजे चार बोटें. ज्या फेकींनीं सुवर्णें मिळालीं, त्या सर्वांहून ही लांब; तरी हिचें पदक रौप्य. फितीचा न्याय असाच असतो. नालाच्या आखाड्यांत दोघांसहि फेटा बांधला गेला असता.

पॅरालिंपिकांत भारतीय पुरुषास गोळ्याचें पदक मिळालें होतें तें १९८४ सालीं, जोगिंदरसिंग बेदी यांस. मध्यें चाळीस वर्षें गेलीं. जानेवारी २०२५ मध्यें खिलारी यांस अर्जुन पुरस्कार देण्यांत आला.