किती वेशी, किती उघड्या?

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड ही जुनी, नावाजलेली पेठ. १६७० साली मराठी फौजेने येथून मोठी संपत्ती नेली, एवढी ती श्रीमंत होती. जुन्या गावाभोवती तट होता. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही नावे आजही गावकऱ्यांच्या तोंडी आहेत. तट कितीही भक्कम असो, वेशी किती व त्यांतली उघडी कोणती, हे राखणदाराला ठाऊक नसेल तर तो व्यर्थच. संगणकांच्या जगात हाच प्रश्न कसा उभा राहिला, ते आपण पाहू.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल-एक्स' जहाजाने ५८ मोठे डबे नेवार्कहून ह्यूस्टनकडे नेले. सुटा माल न हाताळता डबाच उचलायचा, ही ती युक्ती. न्हावाशेवा बंदरातले कंटेनर याच कुळातले. २०१३ मध्ये 'डॉकर'ने ही कल्पना संगणकात लोकप्रिय केली. आज्ञावली आणि तिला लागणारे सर्व साहित्य एका बंद डब्यात भरले, की ती दुसऱ्या संगणकावरही तशीच चालते. डबे शेकड्यांनी वाढल्यावर त्यांना कारभारी लागला. २०१४ मध्ये 'कुबरनेटीस' आले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. कारभाऱ्याचे एक प्रवेशपान असते. तेथे नाव व पासवर्ड दिला की सारे डबे हाती येतात. हे पान कार्यालयाच्या आतूनच दिसावे; पण मांडणीतील एका चुकीने ते साऱ्या जगाला दिसू लागते.

अशी दारे सापडतात कशी? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत आणि प्रत्येक पत्त्यावर ६५,५३६ क्रमांकांची दारे. दारावर टकटक करायची आणि उत्तर वाचायचे. पानाचे शीर्षक, छोटे बोधचिन्ह, ठरावीक शब्द यांवरून कोणती आज्ञावली आत आहे हे ओळखता येते. १९९५ मध्ये डॅन फार्मर व व्हीत्से व्हेनेमा यांनी अशी तपासणी करणारे 'सेटन' सर्वांना खुले केले, तेव्हा मोठा वाद झाला: चोरालाच कंदील दिला की काय? १९९७ मध्ये 'एनमॅप' आले. २००९ मध्ये 'शोडान'ने सापडलेल्या दारांची सूचीच खुली केली. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील 'झेडमॅप'ने एका संगणकावरून सर्व पत्त्यांवरचे एक दार ४५ मिनिटांत ठोठावून दाखवले. 'आमचा पत्ता कोणाला माहीत?' या भरवशाला त्या दिवसापासून अर्थ उरला नाही.

पान दिसले म्हणजे चोरी झाली, असे नव्हे. कुलूप शाबूत असू शकते. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये 'रेडलॉक'च्या संशोधकांनी जाहीर केले, की टेस्ला कंपनीचे कुबरनेटीसचे एक पान विनापासवर्ड उघडे होते. घुसखोर तेथे फुकटात आभासी चलन मिळवण्याची गणिते चालवत होते. कंपनीच्या दुसऱ्या साठ्याच्या किल्ल्याही आतच होत्या. 'पोर्टेनर' या कारभाऱ्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. नव्या मांडणीत जो प्रथम येईल तोच मालक म्हणून पासवर्ड ठरवू शके. म्हणून पुढे नियम झाला: पाच मिनिटांत मालक ठरला नाही तर दार आपोआप बंद.

कंदिलाचा वाद आजही संपलेला नाही. आमच्या मते उत्तर एवढेच: चोराकडे कंदील आहेच, तेव्हा राखणदाराने आधी फेरी मारावी. मात्र आपल्याच तटाभोवती. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उत्साही विद्यार्थ्याला हे प्रथम सांगावे. दुसऱ्याचे दार उघडे दिसले तर त्या मालकाला किंवा २००४ पासून काम करणाऱ्या 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेला कळवावे.

वर्गात संगणकाविनाही आरंभ करता येईल. विद्यार्थ्यांना आपल्या गावाच्या वेशींचा नकाशा काढू द्या. शेजारी शाळेच्या संगणकांचा नकाशा काढा: बाहेरून कोठे पोचता येते, किल्ली कोणाकडे, पासवर्ड शेवटचा कधी बदलला? ज्या चौकटीत उत्तर लिहिता येणार नाही, तीच वेस पहिल्यांदा तपासायची.