बारभाईंचे राज्य फौजेने का सोडले?

१/ २० एप्रिल १६५३, लंडन. ऑलिव्हर क्रॉमवेलने बंदूकधारी शिपाई आत बोलावले आणि पार्लमेंटच्या सभासदांना सभागृहाबाहेर काढले. चारच वर्षांपूर्वी याच पार्लमेंटने राजा पहिला चार्ल्स याच्यावर खटला चालवून त्याला मृत्युदंड दिला होता. राजाला नमवणारी सभा स्वतःच्या फौजेपुढे मात्र उभी राहू शकली नाही.

२/ कारणे अनेक होती, पण मूळ जुने होते. १६४७ मध्ये युद्ध संपताच पार्लमेंटने थकलेला पगार न चुकवता फौज मोडायला काढली. शिपाई बिथरले. पुढे नव्या निवडणुका व सुधारणा लांबत गेल्या आणि फौजेचा उरलासुरला विश्वासही उडाला. आता हाच प्रश्न घेऊन पुण्याकडे वळू. हा थ्रेड बारभाईंवर आहे.

३/ ३० ऑगस्ट १७७३. थकलेल्या पगाराची ओरड करीत गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर बसले. रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाचा दोष थेट त्यांच्या पदरी घातला. गादीवरचा धनीच दोषी ठरल्यावर कारभाऱ्यांनी करायचे काय?

४/ सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकमामा पेठे, मोरोबा फडणीस आदी मंडळी एकत्र आली. हेच बारभाई. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर नेऊन त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि चाळिसाव्या दिवशी त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली.

५/ घटना मोठी होती. कारभाऱ्यांच्या मंडळाने सत्ताधारी पेशव्याला दूर सारले आणि एका तान्ह्या मुलाच्या नावाने राज्य चालवले. पण एक फरक लक्षात घ्या. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४५ मध्ये स्वतःची पगारी फौज उभारली होती. बारभाईंपाशी अशी फौज कधीच नव्हती. हुजुरात म्हणजे पेशव्यांची खासगी फौज मर्यादित होती. बाकी बळ सरंजामी सरदारांचे.

६/ सरंजाम म्हणजे काय? सरदाराला मुलूख तोडून द्यायचा, त्याने त्या वसुलातून स्वार बाळगायचे आणि हुकूम होताच हजर व्हायचे. यात शिपायाला पगार देणारा हात सरदाराचा असतो. पुण्याचे नाव तो ऐकतो, पण दर महिन्याला तोंड पाहतो सरदाराचे. बारभाईंच्या राज्याचा कच्चा दुवा इथेच होता.

७/ १७७८ मध्येच तो उघडा पडला. नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी तुकोजी होळकरांच्या पाठबळावर पुण्याचा कारभार हाती घेतला. नाना पुरंदरावर सरकले. महादजी शिंदे त्यांच्या बाजूने उतरले, तेव्हा पारडे फिरले. मोरोबा पकडले गेले आणि त्यांची रवानगी झाली नगरच्या किल्ल्यात. वाद कारभाऱ्यांचा, निकाल मात्र होळकर आणि शिंदे यांच्या फौजांचा.

८/ मंडळही आक्रसत गेले. त्रिंबकमामा १७७४ मध्येच रघुनाथरावांशी लढताना पडले. वडगावच्या विजयानंतर, १७७९ मध्ये, इंग्रजांशी संधान असल्याच्या आरोपावरून सखारामबापू कैदेत गेले. १७८१ मध्ये रायगडावर त्यांचा अंत झाला. बारभाईंतले आता खरे दोघेच उरले, लेखणीचे नाना आणि तलवारीचे हरिपंत. ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही.

९/ दरम्यान महादजी वाढत गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहात तेच जामीन राहिले. उत्तरेत द बॉयन याच्या हाताखाली त्यांनी कवायती पलटणी उभारल्या. या पलटणींना रोख पगार लागे आणि तो दुआबातल्या वसुलातून निघे. पुणे महादजींकडे वसुलाचा हिशेब मागे, महादजी पुण्याकडे मोहिमांचा खर्च मागत. तरीही दोघांनी दोर तुटू दिला नाही.

१०/ ११ मार्च १७९५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या खर्ड्यावर शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एका निशाणाखाली लढले आणि निजाम हरला. बाहेरून राज्य शिखरावर होते. आतून मात्र आधार निसटले होते. महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये वारले, हरिपंत त्याच वर्षी जूनमध्ये सिद्धटेकला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावही गेले. ज्या नावाने सारे सरदार बांधले गेले होते, ते नावच उरले नाही.

११/ वारसाच्या झगड्यात परशुरामभाऊ पटवर्धनही नानांपासून तुटले. डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव गादीवर आले. त्यासाठी दौलतराव शिंद्यांना मोठ्या रकमेचा शब्द दिला गेला होता. आता उत्तरेच्या वसुलावर पोसलेली फौज पुण्याच्या वेशीवर तळ देऊन बसली होती. पगार थकत होता आणि पेशव्यांची तिजोरी रिकामी होती.

१२/ ३१ डिसेंबर १७९७. मायकेल फिलोज या युरोपीय सरदाराच्या शब्दावर विसंबून नाना शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेले आणि तिथेच कैद झाले. मग सर्जेराव घाटगे यांनी फौजेच्या पगारासाठी पुण्याच्या सावकारांना आणि नानांच्या माणसांना छळून पैसा काढला. नाना पोहोचले नगरच्या किल्ल्यात, जिथे एकेकाळी मोरोबांना धाडले गेले होते.

१३/ १७९८ मध्येच नाना सुटले, तेही दहा लाख रुपये भरून. म्हणजे कैद करणाऱ्यालाही शेवटी पैसाच हवा होता. नाना कारभारात परतले, पण जुना अधिकार परतला नाही. १३ मार्च १८०० रोजी ते गेले. १८०२ अखेर वसईचा तह झाला आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी नगरचा किल्ला वेलस्लीने घेतला.

१४/ या कथेत ‘फितूर कोण?’ एवढेच विचारून आपण थांबतो. दौलतराव, सर्जेराव, बाजीराव अशी नावे घेतली की राग शांत होतो, पण कारण हाती लागत नाही. थकलेल्या पगाराच्या गारद्यांनी बारभाईंना जन्म दिला आणि थकलेल्या पगाराच्या पलटणींनी त्यांचा शेवट केला. मधल्या २४ वर्षांत फौजेचा पगार थेट राज्याच्या तिजोरीतून देण्याची व्यवस्था उभी राहिली नाही.

१५/ लंडनला फौज पार्लमेंटची होती, पण तिचा विश्वास गेला. पुण्याला विश्वास बराच काळ टिकला, पण फौज कधी कारभाऱ्यांची नव्हतीच. दोन्हीकडे सभा हरली. राहुरीहून नगरला गेलात तर भुईकोट किल्ला जरूर पाहा. १९४२ च्या नेहरूंच्या कैदेमुळे तो आपल्याला ठाऊक असतो. त्याच तटांनी बारभाईंतले दोन कारभारीही कैदेत पाहिले आहेत. किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे.